आधी बोल, मग पाणी

मला एका जागी बसवत नाही. भिंगारला लेकीकडे राहायला आल्यापासून ही तक्रार घरात रोज होते. जावई छावणीत कारकून आहेत, घर चांगलं आहे, अंगणात नळ आहे, आणि आरामखुर्ची तर खास माझ्यासाठी आणलेली आहे. पण तिच्यात टेकले की पाय आपोआप चपला शोधू लागतात. लेक विचारते, "आई, आता कोणाकडे जायचंय तुला?" कोणाकडे जायचं नाही, हे मलाही कळतं. पण जिचा उभा जन्म दुसऱ्यांच्या उंबऱ्यांवर गेला तिचे पाय तिचं ऐकत नाहीत.

नाताळच्या अंकासाठी क्षमेवर काहीतरी लिहा असा निरोप आला तेव्हा मी आधी नाहीच म्हटलं होतं. क्षमेवर उपदेश करणारे आपल्या मंडळीत भरपूर आहेत, आणि ते काम उभं राहून तासभर बोललं की संपतं. माझं काम चालायचं होतं. मी बायबलबाई होते. आता हा शब्दही नव्या मुलींना सांगावा लागतो. पाळक देवळात उपदेश करायचे, आणि बायबलबाई घरोघर जाऊन बायकांना शास्त्र वाचून दाखवायची, गाणी शिकवायची, हिवतापाच्या गोळ्या द्यायची, बाळंतिणीपाशी बसायची आणि सासवासुनांचं ऐकून घ्यायची. हातात छत्री, खांद्याला पिशवी, पायांत मोटारीच्या टायरच्या चपला. लढाईची वर्षं होती. रॉकेल मिळत नव्हतं, कापड मिळत नव्हतं, आणि नगरहून जामखेडला जाणारी मोटार कोळशाच्या गॅसवर चालायची. म्हणजे चढावर उतारूंनी खाली उतरून तिला ढकलायचं. माझ्याकडे खर्ड्याच्या बाजूची गावं होती. नवरा गेल्यावर धाकट्या दिराने वर्षाच्या आत मला आणि मांडीवरच्या लेकीला राजूरच्या घरातून बाहेर काढलं, आणि मिशनने मला शिकवून हे काम दिलं. त्याबद्दल इथे एवढंच पुरे.

आमच्या कामात एक खास काम होतं आणि त्याची फोड करून सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. पाळकसाहेब त्या गावांना दर तिमाहीला प्रभुभोजन द्यायला यायचे. ज्यांचा एकमेकांशी अबोला आहे त्यांनी प्रभूच्या मेजावर एकत्र बसायचं नाही, हा नियम. म्हणून त्याच्या आधीच्या आठवड्यात मी पुढे जायचे आणि वस्तीत कोणाचं कोणाशी तोंड फिरलंय ते हुडकून काढायचे. हुडकायला फार लागत नसे. शेजारणीचं नाव घेतलं की जी बाई चुलीतली लाकडं विनाकारण मागंपुढं करू लागते तिच्यापाशी बसायचं. बसायचं तेही तिचे हात पिठात असताना, म्हणजे तिला उठून जाता येत नाही. भांडणाला सुरुवात कोणी केली हे कधी विचारायचं नाही. एकीच्या घरी चहा घेतला तर दुसरीच्या घरी तो नको असला तरी घ्यायचा. या चहांनी माझं पित्त कायमचं बिघडलं, पण भांडणं मिटली.

मिटवायची तिकडे एक रीतच होती. ती कोणी घातली मला माहीत नाही, शास्त्रात तर कुठे नाही. ज्याला अबोला मोडायचा असेल त्याने दुसऱ्याच्या दारात जायचं आणि प्यायला पाणी मागायचं. त्याने आपल्या तांब्यातून पाणी दिलं, याने ते पिऊन तांब्या परत केला, की मिटलं. चूक कोणाची, कोण काय म्हणालं, यातलं काहीही बोलायचं नाही. ज्या वस्तीला गावच्या आडाला हात लावू देत नव्हते, जिथल्या बाया ओढ्यातल्या झिऱ्यातून वाटीवाटीने घागर भरायच्या, तिथे कोणी कोणाला तांब्याभर पाणी देणं म्हणजे काय, हे मी वेगळं सांगायला नको. मला ही रीत फार आवडायची. बोलण्याने जे वाढतं ते न बोलता संपवायचं, यात मोठं शहाणपण आहे असं मी पाळकसाहेबांनाही सांगायचे.

एका गावात तर पेटीवाला आणि तबलजी यांचाच अबोला झाला. दोघे सख्खे साडू. कारण एकाच्या मेंढराने दुसऱ्याच्या छपराचा पाला खाल्ला, असं काहीतरी. त्यामुळे रविवारी भजन सुरू झालं की पेटी आपल्या चालीने पुढे जायची आणि तिला गाठायचं नाही म्हणून तबला मुद्दाम मागे राहायचा. मधल्या मधे मंडळीची फरपट. पेटीवाला मला म्हणायचा, "त्यांना सांगा, सूर काळी चार हाय." तबलजी हातभर अंतरावर बसलेला, तो म्हणायचा, "त्यांना सांगा, मला कान हायेत." मी दोघांच्या मधे बसून निरोप पोचवायचे. शेवटी एका दुपारी मी पेटीवाल्याला म्हटलं, तुमच्या साडूकडे माझी छत्री राहिली, ती आणून द्या. छत्री मी मुद्दामच ठेवली होती. तो दारात गेला, उन्हाने घसा सुकलेला, तोंडातून पाणी शब्द निघून गेला, आणि तबलजीने आतून तांब्या आणला. दोघांनाही कळलं की बाईने फसवलं, पण पाणी पिऊन झालं होतं. त्या रविवारी भजन इतकं जलद गेलं की म्हाताऱ्यांना दम लागला.

अशा हकिकती सांगताना मला बरं वाटतं, हे लपवत नाही. पण अंकवाल्यांनी क्षमा म्हटलं तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे पेटीवाला आला नाही. राहेलबाई आली. ती आली की मला खुर्चीतून उठावं लागतं.

राहेलबाई खर्ड्यापलीकडच्या एका लहान गावची, वस्तीतली सगळ्यांत वयस्क. नवरा लवकर वारलेला, एकुलता एक मुलगा याकोब. दुष्काळी साल होतं तेव्हा गावातल्या एका शेतकऱ्याने विहीर खोल करायला काढली आणि वस्तीतली माणसं कामाला घेतली. आमच्या तिकडे वीतभर मातीखाली काळा खडक लागतो. पहारीने त्यात भोक पाडायचं, दारू ठासायची, वात लावायची आणि पळायचं. वात लावणाऱ्यावर एक बंधन असतं. पेटवण्याआधी त्याने चहूकडे तोंड करून तीनदा ओरडायचं, "बार हायऽऽ". मग जो जिथे असेल तिथून लांब पळतो, आडोसा धरतो, निदान आडवा पडतो. ती हाक आमच्याकडच्या तान्ह्या पोरालाही कळते.

त्या विहिरीवर वात लावायचं काम शिमोनकडे होतं. शिमोन याच वस्तीतला, याच मंडळीतला, राहेलबाईच्या घरापासून चार घरं सोडून राहणारा. याकोब त्याच्या हाताखाली पहार मारायचा. राहेलबाई काढलेले दगड टोपलीने ढिगाऱ्यावर नेऊन टाकायची. त्या दिवशी दुपारच्या आधी याकोब ढिगाऱ्याशी आला, आईच्या घागरीतलं पाणी तिच्या हातून प्यायला, आणि परत विहिरीकडे वळला. तो काठावर पोचतो न पोचतो तोच बार उडाला. दगड छातीत बसला. राहेलबाई पोचली तेव्हा संपलेलं होतं.

शिमोनने सांगितलं, मी तीनदा ओरडलो, वारा उलटा होता म्हणून त्याला ऐकू गेलं नाही. पंचांनी तेच धरलं, शेतकऱ्यानेही तेच धरलं, आणि अपघात म्हणून ते मिटलं. माती दिल्यावर काही दिवसांनी शिमोन भर उन्हात राहेलबाईच्या दारात आला आणि त्याने पाणी मागितलं. तिने दिलं. तो प्यायला, तांब्या ठेवून गेला. सगळी वस्ती बघत होती. रीतीप्रमाणे झालं, असं सगळ्यांनी मानलं.

पण त्यानंतरच्या प्रभुभोजनाला राहेलबाईने भाकर घेतली नाही. आमच्याकडे ताट हातोहात पुढे जातं. ताट रांगेत आलं की ती उठायची, बाहेर जाऊन लिंबाखाली बसायची आणि ताट फिरून झालं की परत येऊन जागेवर बसायची. प्रभूची प्रार्थना सगळ्यांबरोबर म्हणायची, पण जिथे आपण दुसऱ्यांना केलेल्या क्षमेचं नाव काढतो त्या ओळीला तिचा आवाज बंद व्हायचा, आणि ओळ गेली की पुन्हा सुरू व्हायचा. मी तिच्या पुढच्या रांगेत बसायचे. त्या एका ओळीपुरती माझ्या पाठीमागे शांतता पडायची, आणि माझी मान दुखायला लागायची. हे एकदा नाही, वर्षानुवर्षं चाललं.

लोक तिला कठीण काळजाची म्हणू लागले. पाणी देऊन पुन्हा मनात ठेवते म्हणजे काय, असं बायाही म्हणायच्या. मी दर खेपेला तिच्याकडे जायचे. ती अंबाडीचा दोर वळत बसलेली असायची, आणि मी वाचून दाखवायचे. जेवढ्या गोष्टी शास्त्रात क्षमेच्या आहेत तेवढ्या मी तिला वाचून दाखवल्या. ती ऐकायची, दोराला पीळ द्यायची, आणि शेवटी म्हणायची, "चांगलं हाय, बाई." बस, एवढंच. मला तिथून निघताना नेहमी वाटायचं की आपण काहीतरी विसरून निघालो आहोत. पिशवी तपासायची, छत्री तपासायची, सगळं असायचं.

मग पाळकसाहेबांचा धीर सुटला. ते मनाने वाईट नव्हते, पण त्यांना इतर मंडळ्यांचीही काळजी होती. ते मला म्हणाले, एका माणसासाठी नियम वाकवला तर उद्या सगळेच वाकवतील. येत्या ईस्टरला राहेलबाईने भाकर घेतली नाही तर तिला मंडळीतून काढावं लागेल. मी विचारलं, काढलं म्हणजे? ते म्हणाले, काढलं म्हणजे काढलं, पुरायचीसुद्धा जागा मंडळीच्या आवारात मिळणार नाही. ते बोलले आणि त्यांच्याही लक्षात आलं. याकोब त्याच आवारात होता. राहेलबाईने त्याच्या शेजारची जागा दगड मांडून स्वतःसाठी राखलेली होती, आणि त्या हिवाळ्यात तिचा खोकला वाढला होता.

हे तिला सांगायचं काम अर्थातच माझ्याकडे आलं.

मी गेले तेव्हा ती दोरच वळत होती. मी या वेळी पिशवी उघडली नाही. पाळकसाहेब काय म्हणाले ते सरळ सांगितलं, आणि मला रडू आलं, तेही सांगून टाकते. बायबलबाईने रडायचं नसतं, समोरच्या बाईला रडू द्यायचं असतं. राहेलबाईने दोर बाजूला ठेवला. मी म्हटलं, तुम्ही त्याला पाणी दिलंत, मग मन का मोकळं करत नाही?

ती म्हणाली, "बाई, पानी मी वाटंवरल्या परक्यालाबी देते. दारात आलेल्या बैलालाबी दाखविते. पानी दिलं म्हंजी माजा याकोब दिला व्हय?"

 ती पुढे म्हणाली, "माफी द्यायला मी कवाची बसलीया. पन त्यानं मागाया पायजे का न्हाई? न मागितलेली वस्तू कुनाच्या पदरात टाकू?"

मी म्हटलं, तो तर म्हणतो की तो ओरडला होता, वारा होता. त्यावर राहेलबाईने माझ्याकडे बघितलं. मग म्हणाली, "मी ढिगाऱ्यावर व्हते. याकोबाच्या म्हागं. इहीर मला बोलावल्यागत जवळ. वारा बी नव्हता आन हाक बी नव्हती."

 मी विचारलं, इतकी वर्षं हे कोणालाच कसं सांगितलं नाहीत? पंच आले तेव्हा का नाही बोललात? तिने दोर पुन्हा हातात घेतला. "बोलले असते तर त्याला पोलिसांनी न्हेला असता. त्याची लेकरं बारकी व्हती. माजं गेलं म्हनून त्याचीबी उघड्यावर टाकू?"

म्हणजे जिला सगळे क्षमा न करणारी म्हणत होते तिनेच त्याला पदराखाली झाकून ठेवलं होतं, आणि जो रीतीप्रमाणे पाणी पिऊन मोकळा झाला होता तो दर तिमाहीला भाकर घेत होता. मी उठले, कारण मला बसवेना. दारापर्यंत गेले तेव्हा तिने मागून विचारलं, "बाई, तुमी दर बारीला माज्याच दारात येता. त्याच्या दारात कवा गेलता?"

या प्रश्नाने माझी पुढची कित्येक वर्षांची झोप खाल्ली आहे. क्षमा करा असं सांगायला आम्ही नेहमी ज्याचं दुखलंय त्याच्याच दारात जातो. तिथलं दार उघडं असतं. ज्याने दुखावलंय त्याच्याकडे कोण जातं? तो हसून बोलतो, वर्गणी देतो, रांगेत पुढे बसतो. त्याच्याकडे जायचं आम्हांला सुचतच नाही.

मी तिथूनच थेट शिमोनकडे गेले. विहिरीनंतर त्याने दारूचं काम सोडलं होतं. जामखेडच्या सडकेवर तो खडी फोडायचा. ऊन चढलेलं होतं, सडकेच्या कडेला खडीचे ढीग, आणि शिमोन गोणपाटावर बसून हातोडा चालवत होता. त्याने मला नमस्कार केला आणि हातोडा थांबवला नाही. मी समोरच्या दगडावर बसले. मी राहेलबाईचं नाव काढलं. तो म्हणाला, वारा होता. मी काहीच बोलले नाही. तो पुन्हा म्हणाला, वारा होता, बाई, सगळ्यांला ठावं हाय. मी तरीही बोलले नाही, आणि मला न बोलता बसणं म्हणजे काय शिक्षा आहे हे मला ओळखणाऱ्यांना सांगायला नको. ऊन डोक्यावर, खडीचे कपचे पायांवर उडतायत, आणि हा माणूस दगडामागून दगड फोडतोय.

शेवटी मी विचारलं, त्या दिवशी राहेलबाई कुठे उभी होती, माहीत आहे का तुला?

हातोडा वरच्या वर थांबला. तो म्हणाला, "ढिगाऱ्याच्या म्हागं आसंल. लांब."

मी म्हटलं, ढिगाऱ्यावर होती. तिने सगळं ऐकलं. म्हणजे जे नव्हतं तेही ऐकलं.

शिमोनने हातोडा खाली ठेवला. दोन्ही हात त्याने मांड्यांखाली दाबले. "तिला म्हाईत हाय?"

पहिल्या दिवसापासून, मी म्हटलं.

"मंग तिनं पंचाला का सांगितलं न्हाई?"

तुझी पोरं लहान होती म्हणून, मी म्हटलं. शिमोनने डोक्याचं मुंडासं काढलं आणि त्यात तोंड लपवलं. एवढा मोठा माणूस सडकेच्या कडेला हुंदके देऊन रडत होता आणि येणारेजाणारे बैलगाडीवाले बघत होते. मला त्याची दया आली, आणि त्याच वेळी रागही आला. दोन्ही एकदम येऊ शकतात, हे मला उपदेशात कोणी शिकवलं नव्हतं. त्याला काही सांगावं, बोल म्हणावं, ये म्हणावं, असं फार वाटलं. पण मी छत्री उचलली आणि निघाले. हे काम छत्री विसरून होण्यातलं नव्हतं.

ईस्टरच्या आदल्या दिवशी, शनिवारी दुपारी, पाळकसाहेब वस्तीत येऊन दाखल झाले. प्रभूच्या मेजावर बसण्याआधी मनं साफ करायची ती तयारीची सभा संध्याकाळी होती. बाया देऊळ सारवत होत्या. आम्ही चर्चला देऊळच म्हणतो. मी राहेलबाईच्या ओसरीवर बसले होते, खरं म्हणजे बसत-उठत होते. शिमोन येईल की नाही याची मला खात्री नव्हती, आणि राहेलबाईला मी काही सांगितलेलं नव्हतं. त्यामुळे शिमोन दारात उभा राहिला तेव्हा मीच उठून उभी राहिले. तो धुतलेलं धोतर नेसून आला होता. जवळ यायला त्याला धीर होईना. मग तो तेच बोलला जे आमच्याकडे सगळे बोलतात.

"मावशे, प्यायला पानी दे."

राहेलबाई जागची हलली नाही. तांब्या तिच्या हाताशी होता, भरलेला. ती म्हणाली, "आधी बोल. मंग पानी."

आमच्या रीतीत असं कोणी कधी केलं नव्हतं. सारवणाऱ्या बाया थांबल्या. शिमोन माझ्याकडे बघायला लागला, मी मान फिरवली.

तो म्हणाला, "मी वरडलो न्हाई." आवाज इतका बारीक की मला पुढे झुकावं लागलं. "घरनं भाकरी आल्ती. भूक लागल्ती. म्हनलं एक बार उडवू आन खायाला बसू. याकोब पानी प्यायला ढिगाऱ्याकडं गेल्ता, तो तिकडंच हाय आसं वाटलं. बिडीनं वात लावली. वरडायचं ऱ्हायलं, मावशे. येवढंच. वरडायचं ऱ्हायलं."

भूक लागली होती. इतक्या वर्षांच्या त्या लिंबाखालच्या बसण्यामागे एवढंसं कारण होतं. त्यापेक्षा काही वैर निघालं असतं तर मला सोसायला सोपं गेलं असतं.

राहेलबाईचा चेहरा काही बदलला नाही. ती म्हणाली, "मंग आता वरड."

शिमोनला कळलं नाही. तिने पुन्हा सांगितलं. "त्या दिसाची हाक माज्या कानात आली न्हाई. मी आजून ऐकत बसलीया. वरड."

त्याने तोंड उघडलं, आवाज फुटेना. दुसऱ्यांदा घोगरा आवाज आला. मग त्याने डोळे मिटले, हात तोंडाशी नेले आणि पोट आत ओढून तो ओरडला, "बार हायऽऽ!" ओढ्यापलीकडे जाईल असा आवाज. पुन्हा वळून दुसऱ्या दिशेला, "बार हायऽऽ!" आणि तिसऱ्यांदा, गावाकडे तोंड करून.

वस्तीत एकच पळापळ झाली. आमच्याकडे ती हाक ऐकून कोणी विचार करत नाही, आधी पळतात. बाया पोरांना ओढत भिंतीआड गेल्या, सारवणाची पाटी सांडली, म्हातारे होते तिथे आडवे झाले, आणि पाळकसाहेब हातातल्या मेजाच्या स्वच्छ कापडासकट देवळाच्या ओट्याआड बसले. मीही ओसरीच्या खांबामागे डोकं धरून बसले होते. सगळे बार उडायची वाट बघत होते.

बार उडाला नाही. कुठे काही नाही. एक कोंबडं ओरडलं. हळूहळू माणसं डोकी वर काढू लागली, भिंतीआडून बाहेर येऊ लागली. सगळी शाबूत, धुळीने भरलेली, एकमेकांकडे बघत उभी राहिली. राहेलबाईने त्या सगळ्यांवरून नजर फिरवली. एकेकाला बघितलं. मग ती शिमोनला म्हणाली, "ऐकलं."

आणि तिने तांब्या उचलून त्याच्या हातात दिला.

शिमोन पाणी प्यायला, आणि जमलेल्या सगळ्यांना त्याने सांगितलं की याकोबच्या वेळी मी ही हाक दिली नव्हती.  पाळकसाहेब कपडे झटकत आले, त्यांनी विचारलं काय झालं, आणि मी म्हटलं, तयारीची सभा झाली. हे जरा आगाऊच बोलले, पण ते रागावले नाहीत.

दुसऱ्या दिवशी ईस्टरला मी नेहमीच्या जागी बसले. प्रभूची प्रार्थना सुरू झाली. ती ओळ जवळ आली तशी माझी मान आखडली. आणि माझ्या मागून एक जाडाभरडा, खोकल्यातून निघालेला आवाज त्या ओळीवरून सगळ्यांबरोबर पुढे गेला. मी मागे वळून बघितलं नाही. ताट आलं, तिच्यापाशी थांबलं, आणि पुढे गेलं. लिंबाखाली त्या दिवशी कोणी बसलं नाही.

इथे मी थांबावं असं अंकवाल्यांना आवडेल. पण मी थांबले नाही, कारण मला थांबता येत नाही. जेवणं झाल्यावर मी राहेलबाईकडे गेले. स्वतःवर खूष होते, दुसरं काय. म्हटलं, झालं ना मन मोकळं? संपलं ना सगळं?

ती हसली. मी तिला हसताना पहिल्यांदाच बघत होते. "कुटलं संपतंय, बाई? आज पहाटं उटले, याकोबाची पहार कोपऱ्यात दिसली, आन पुन्यांदा राग आला. पुन्यांदा माफ केलं. सांच्याला पुन्यांदा येईल." तिने घागरीकडे बोट दाखवलं. "कालचं पानी आज पुरतं व्हय?"

मी वहाणा घालायला लागले. ती म्हणाली, "तुमचं कुनाचं ऱ्हायलंय का, बाई?"

मी छत्री घेतली आणि निघाले. गाडी चुकेल, असं काहीतरी पुटपुटले. त्या दिवशी गाडीच नव्हती.

राहेलबाई पुढच्या थंडीत गेली. याकोबच्या शेजारी दगड मांडून ठेवलेल्या जागी शिमोनने खड्डा खणला, आणि तो खडक होता तरी दारू न लावता पहारीनेच खणला. मग मीही कामातून मोकळी झाले. मंडळीने माझा सत्कार केला, शाल दिली, आणि किती तुटलेली तोंडं जोडलीत म्हणून भाषणं झाली.

माझा धाकटा दीर राजूरलाच होता. गेल्या साली वारला. मी इतकी वर्षं वाट बघितली की कधीतरी तो येईल, दारात उभा राहील, पाणी मागायच्या आधी बोलेल. तो आला नाही. आता येणार नाही. राजूरचं ते घरही विकलं, असं ऐकते. माझे पाय चपला शोधतात ते त्या दारासाठी, आणि ते दार राहिलेलं नाही. न मागितलेली वस्तू कोणाच्या पदरात टाकायची, हे राहेलबाईला विचारायचं राहून गेलं.

रोज पहाटे दिराचा राग पुन्हा येतो, म्हणून मी उठते. नळाला पाणी आलं की घागर घेऊन अंगणात जाते. लेक आतून म्हणते, "आई, पिंप भरलेलं आहे."

मी म्हणते, असेल. ते कालचं.